माइक उघडे ठेवले तो शनिवार

आमच्या अध्यापक संघाची प्रत्येक तालुक्यात शाखा आहे, आणि एक शाखा कुठेच नाही. ती मी चालवते. कागदावर तिचं नाव ऑनलाइन शाखा. संघातली जुनी मंडळी तिला मोबाईलची शाखा म्हणतात आणि म्हणताना जरा नाक मुरडतात. त्यांच्या मते शाखा म्हटली की सतरंजी हवी, चहा हवा, उशिरा येणारे अध्यक्ष हवेत. आमच्याकडे सतरंजी नाही, चहा ज्याचा त्याने करून घ्यायचा. अध्यक्ष मात्र उशिराच येतात.

टाळेबंदीत सगळ्यांनी सगळंच ऑनलाइन केलं आणि नंतर विसरून गेले. आमची शाखा तेवढी टिकली, कारण तिची गरज टाळेबंदीच्या आधीपासूनच होती. नगरला बैठक असली की खर्ड्याकडच्या किंवा कर्जतच्या पलीकडच्या शिक्षकाचा अख्खा दिवस एसटीत जायचा. त्यात वस्तीवरच्या दोन शिक्षकी शाळा. तिथला माणूस दिवसभर पोरांशी बोलतो, आणि आपल्या कामाबद्दल आपल्यासारख्याशी बोलावं म्हटलं तर दुसरा शिक्षक रजेवर असतो. अशा लोकांसाठी ही शाखा होती. मी शेवगावच्या हायस्कुलात मराठी शिकवते. शाखेची जबाबदारी माझ्याकडे आली ती काही माझी हुशारी पाहून नव्हे. आमच्या गल्लीत फायबर आलं होतं.

मी शिस्तीची आहे, थोडी खडूसही आहे, आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. मीटिंग सुरू झाली की सगळ्यांचे माइक बंद. बोलायचं असेल त्याने हात वर करायचा, मग मी माइक उघडणार. जन्मभर पोरांना ‘गप्प बसा’ म्हणणारी ही माणसं स्वतः मिनिटभर गप्प बसू शकत नाहीत. शिवाय कुणाच्या मागे कुकर, कुणाच्या मागे म्हैस, कुणाच्या घरी टीव्हीवर सासू-सुनेचं भांडण ऐन रंगात. पहिल्या वर्षी तर अर्धी मीटिंग ‘आवाज येतोय का’ यातच जायची.

आमच्याकडची खरी गोडी शनिवारच्या पाठाची. दर शनिवारी संध्याकाळी एकाने पाठ घ्यायचा आणि बाकी सगळ्यांनी चौथीचा वर्ग व्हायचं. नुसतं बघत बसायचं नाही, पोरं व्हायचं. निवृत्तीला टेकलेले मुख्याध्यापक चॅटमध्ये लिहायचे, ‘बाई, ह्याने माझी पेन्सिल घेतली.’ एक केंद्रप्रमुख दर पाठाला ‘पाणी प्यायला जाऊ का’ विचारायचे. हे पाठ आम्ही रेकॉर्ड करत नव्हतो. रेकॉर्डिंग चालू आहे म्हटलं की शिक्षक तपासणी आल्यासारखा शिकवतो, हा आम्हा सगळ्यांचाच अनुभव.

या पाठांत सगळ्यांना हवेहवेसे होते ते खर्ड्याचे सर. खर्ड्याच्या पुढे एका वस्तीवर त्यांची शाळा होती. तिथे रेंज नाही, म्हणून ते शाळेमागच्या टेकाडावर जाऊन दगडावर मोबाईल टेकवून बसत. आवाज मोठा नव्हता, पण त्यात एक ऊब होती. ते बोलायला लागले की चॅटमधली पेन्सिलींची भांडणं आपोआप थांबत. ते गोष्टी सांगत, आणि त्या स्वतः रचलेल्या असत. त्यांच्या वर्गाचा एक रिवाज होता: सरांनी एक वाक्य सांगायचं, आणि पोरांनी ‘मग?’ म्हणायचं. पोरांनी ‘मग?’ म्हटलं नाही तर गोष्ट तिथेच थांबायची. आमच्या वर्गात माइक बंद, म्हणून आम्ही चॅटमध्ये ‘मग?’ लिहायचो. सर ते वाचून पुढे जायचे. एकदा म्हणाले होते, “बाई, तुमचा हा वर्ग लई शहाना हाय. मला करमत न्हाई.”

एका पावसाळ्यात त्यांचा घसा बसला. शिक्षकाचा घसा बसणं ही आमच्यात बातमीच नाही. ग्रुपवर उपायांचा पाऊस पडला. ज्येष्ठमध, हळद-मिठाच्या गुळण्या, खडीसाखर, कुणाच्या तरी आजोबांचा काढा. सर प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र पाठवायचे. दिवाळी आली, गेली. त्यांचा आवाज खरखरीतच राहिला आणि आम्हाला त्या खरखरीची सवय झाली. दुसऱ्या कुठल्या कामातला माणूस एवढे महिने असा बोलला असता, तर कुणीतरी त्याला दवाखान्यात ओढून नेलं असतं. आमच्यातल्या प्रत्येकाचाच घसा कधी ना कधी बसलेला. त्यामुळे प्रत्येकाला वाटलं, आपल्यासारखंच असणार.

ते आपल्यासारखं नव्हतं. सुपारीचं खांडही कधी तोंडात न टाकलेल्या माणसाच्या घशात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. सरांनी मला हे फोनवर सांगितलं ते शाळेतली गळकी कौलं बदलायची आहेत अशा सुरात. मग ते म्हणाले, “बाई, सोमवारी ऑपरेशन हाय. आदल्या शनिवारचा पाठ मला द्या. आमच्या शाळेला आता उन्हाळ्याची सुट्टी लागलीय, पोरं गोळा करता येनार न्हाईत. तुमीच माझा वर्ग.”

मी म्हटलं, तो शनिवार तुमचाच.

“आन एक करा. त्या दिवशी माइक बंद करू नका. सगळ्यांचे उघडे ठेवा. गलका झाला तरी चालंल. पोरांचं ‘मग?’ ऐकल्याबिगर मला गोष्ट सुचत न्हाई.”

माझ्या शिस्तीला मी त्या दिवसापुरती रजा दिली. ग्रुपवर निरोप टाकला, शनिवारी माइक उघडे, चॅट बंद, ‘मग?’ तोंडाने म्हणायचं. खाली होकारांची रांग लागली.

शुक्रवारी दुपारी सरांच्या पत्नीचा फोन आला. आमची तोवर भेट नव्हती. पाठ चालू असताना टेकाडाखालच्या घरून कधी ‘शेळ्या आत घ्या’ एवढं ऐकू यायचं, तेवढीच ओळख.

“ताई, एक काम हुतं,” त्या म्हणाल्या. “उद्या ह्ये शिकवत्याल त्याची टेप करून ठेवा. माझ्याजवळ त्यांचा आवाज न्हाई. रोज समोर बोलनाऱ्या मानसाची टेप कोन करतंय? आन आता आठ दिस झालं, घरात एक सबुद बोलले न्हाईत. डाक्टर म्हनले, घशाला तान देऊ नका. तर म्हनतात, आवाज शनवारसाठी राखून ठेवलाय.”

शेवटचं वाक्य त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मला मात्र ते लागलं. घरच्या बाईच्या वाट्याचे ते आठ दिवस सरांनी आम्हाला दिले होते. मी म्हटलं, “वहिनी, काळजी करू नका. नक्की करते.”

शनिवारी शाखेत कधी नव्हती एवढी गर्दी झाली. शेवगावातल्या माझ्या दोन सहकारी शिक्षिका माझ्या घरीच येऊन बसल्या. मी रेकॉर्डिंग सुरू केलं, ते चालू असल्याचा लाल ठिपका दोनदा पाहिला. सर पांढऱ्या शर्टात होते, मागे आभाळ. गोष्ट होती एका शेळीची. ती जामखेडच्या बाजारातून स्वतःच्या मनाने परत घरी यायला निघते, एवढं कळलं. सरांनी पहिलं वाक्य सांगितलं आणि सगळा जिल्हा एकदम ओरडला, “मग?”

काय तो आवाज. पन्नाशीची माणसं, बाया, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होती. आम्ही तिघी तर सोफ्यावरून पुढे सरकून ओरडत होतो. सर हसले. ते हसले म्हणून पुढच्या वेळी आम्ही आणखी जोरात ओरडलो. त्यांचं वाक्य पुरतं व्हायच्या आत ‘मग?’ यायला लागलं. खऱ्या चौथीत असंच होतं, कुणालाच थांबवत नाही. आम्हाला त्यांना भरलेला वर्ग द्यायचा होता, आणि तो आम्ही मनापासून दिला.

मधेमधे मला सरांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. ओठ हलताना दिसायचे, शब्द यायचे नाहीत. मला वाटलं, आमच्याकडची लाइन आज खराब आहे. नंतर कळलं, तसं सगळ्यांनाच वाटत होतं, आपलीच रेंज गेली म्हणून. एरवी या लोकांनी ‘आवाज येत नाही’ म्हणून मीटिंग डोक्यावर घेतली असती. त्या दिवशी कुणी अवाक्षर काढलं नाही. सरांचा शेवटचा पाठ, तो आपल्या रेंजपायी कशाला अडवायचा, म्हणून प्रत्येक जण आपापल्या घरात अर्धवट ऐकत राहिला आणि ‘मग?’ म्हणत राहिला.

गोष्ट संपली तेव्हा सरांनी हात जोडले. टाळ्या थांबेनात. माझ्या दोघी मैत्रिणी रडत होत्या, मीही रडले. दुसऱ्या दिवशी सर पुण्याला गेले. वहिनींनी मागाहून सांगितलं, पाठ झाल्यावर त्यांच्या गळ्यातून निव्वळ हवा येत होती. वाटेत वहिनींनी त्यांना बोलायला लावलं नाही. टेप झालीय म्हणून त्या निश्चिंत होत्या.

आमच्या हायस्कुलात अजून वार्षिक परीक्षेचे पेपर तपासणं चालू होतं. सोमवारी मी स्टाफरूममध्ये इअरफोन लावून ते रेकॉर्डिंग ऐकायला बसले. सुरुवातीला हसू आलं. मग मी ते मागे घेतलं आणि पुन्हा ऐकलं. या मीटिंगच्या ॲपला गलका झाला की सगळ्यांत मोठा आवाज पुढे घेऊन बाकीचे दाबायची सवय असते. आम्ही सगळे मोठे होतो. सर एकटेच हळू होते. सगळ्या रेकॉर्डिंगभर आम्हीच होतो. आमचं ‘मग?’, आमचं हसणं, कुणाचीतरी म्हैस. त्यामध्ये सरांचे तुटके शब्द, ‘शेळी’, ‘आणि तिने’, ‘नदीच्या’. एकही वाक्य धड नव्हतं.

तिकडे पुण्यात त्याच वेळी त्यांचं ऑपरेशन चालू होतं. मला कुणाचा राग यावा असं फार वाटत होतं. राग आला की मला बरं वाटतं, काहीतरी करता येतं. पण माइक सरांनीच उघडे ठेवायला सांगितले होते, आणि ओरडले होते ते सगळे त्यांच्यावर जीव असलेले लोक. राग करायला कुणीच सापडेना. टेबलावर पेपरांचे गठ्ठे पडले होते, त्यांच्यावर डोकं टेकून मी शिपाई कुलूप लावायला येईपर्यंत तशीच बसले.

कर्जतला आमच्या शाखेतले एक विज्ञानाचे शिक्षक आहेत. ते गावोगावच्या कीर्तनांचं रेकॉर्डिंग करतात, त्यांना आवाजातलं कळतं. मी त्यांना ते पाठवलं. त्यांनी कितीतरी संध्याकाळी त्यात घातल्या. शेवटी त्यांचा फोन आला. “मॅडम, एवढंच निघतंय. एका ठिकाणी सरांना खोकला आलाय, तेव्हा सगळे घाबरून गप झालेत. तिथे त्यांचा आवाज एकदम स्वच्छ आलाय. पाठवू का, ते तुम्ही ठरवा.”

त्यांनी पाठवलेला तुकडा लहान होता. मी तो ऐकला आणि बरेच दिवस कुणाला पाठवला नाही. वहिनींनी विचारलं की मी सांगायची, दुरुस्तीला दिलंय. अशी गोष्ट व्हॉट्सॲपवर पाठवायला मन धजेना. सहामाहीच्या सुट्टीत मी स्वतःच खर्ड्याला गेले. पाथर्डी, मग बीड जिल्ह्याचा तुकडा ओलांडून जामखेड, आणि पुढे जीप.

सर दारातच उभे होते. गळ्याभोवती पांढरं फडकं, अंगाने वाळलेले. त्यांनी हात जोडले, मोबाईलवर लिहून मला दाखवलं, ‘वर्ग कसा आहे?’ मी म्हटलं, वर्ग दंगा करतोय. ते हसले, पण हसण्याचा आवाज आला नाही. माझी मान आपोआप खाली गेली. चहा झाल्यावर ते शेळ्या घेऊन बाहेर पडले. मला वाटतं, आम्हा दोघींना बोलता यावं म्हणूनच ते गेले असावेत.

मी वहिनींना सगळं सांगितलं. माइक, गलका, ॲप, कर्जतचे शिक्षक. “गोष्ट मिळाली नाही, वहिनी. एवढंच मिळालं,” म्हणून मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला.

आधी खोकला येतो. मग शांतता. मग सर म्हणतात, “थांबा रे जरा. मला बोलू द्या.” त्यानंतर पुन्हा आम्ही.

वहिनींचा चेहरा बदलला नाही. त्यांनी मोबाईल पुढे केला, मी परत लावला. त्यांनी परत ऐकलं. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. मला क्षमा मागावीशी वाटत होती, पण कशाची मागायची ते ठरेना.

“ह्ये बरूबर त्यांचंच हाय,” त्या शेवटी म्हणाल्या. “मी लई बडबडी, ताई. सांजच्याला शाळंतून आलं की माझंच सुरू व्हायचं. ह्याचं असं, त्याचं तसं. मग असंच म्हनायचे. थांब जरा, मला बोलू दे. मी कंदी थांबले न्हाई.”

त्यांनी पदराने मोबाईलची काच पुसली आणि तो मला परत दिला.

“आता मी गप बसते, ताई. लई येळ गप बसते.”