राखीव डोहातला झिंगा

१८ मे २०२४, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका डोहात मी पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून उतरले. होळीपासून पावसाळ्यापर्यंत गावकरी या डोहात जाळे टाकत नाहीत. झिंगे आणि मासे इथे निर्धास्तपणे वाढतात. डोहाची राखण करणाऱ्या वृद्ध भाऊंनी मला केवळ निरीक्षणाची मुभा दिली होती.

"पाहून ये बाई, पण काई आणू नोको. तुहा हा अवतार पाहून मासेच तुले पाह्याले जमतीन!"

खडकाच्या कपारीत असाधारण मोठा झिंगा दिसला. नमुन्याशिवाय शास्त्रीय नोंद ग्राह्य धरली जात नाही, म्हणून मी तो पिशवीत घेतला. काठाजवळच्या उजेडात त्याच्या पोटाखालची अंडी दिसली. मादी जिवंत होती, सोडून देणे सहज शक्य होते. परंतु अंड्यांमुळे माझ्या शोधनिबंधाचे मूल्य वाढणार होते. मी तिला भाऊंच्या नजरेआड स्पिरिटच्या बाटलीत टाकले.

"काई भेटलं का?" भाऊंनी विचारले.

"नाई भाऊ, फक्त पाहून आली."

"मंग पुढच्या साली बी येजो."

प्रयोगशाळेत मी ती अंडी मोजली. शोधनिबंधात डोहाचे नाव लिहायला अजून हात धजत नाही. संख्या मात्र लिहिली आहे: चौदा हजार दोनशे सहा.