बर्फाच्या मुलखातला करोडगिरी नाका

तो मुलूख मी हैदराबादच्या शाळेत रचला. भूगोलाच्या बाईंनी सांगितलं होतं, ध्रुवाजवळचा एक देश मनाने तयार करा. पण वारे, ऋतू, जमीन, सगळं नियमाला धरून हवं. बाकीच्या मुलींनी राजवाडे काढले. माझ्या देशात माणूसच नव्हता. पश्चिमेला बर्फाचे कडे, मधे उंच पठार, आणि पठारावरून समुद्राकडे सतत घसरणारा जड, कोरडा वारा. पाऊस नाहीच, इतक्या थंडीत हवेत ओल टिकत नाही. म्हणजे एका अर्थी ते वाळवंटच. उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, क्षितिजाला धरून गोल फिरतो, पण ऊब देत नाही. बर्फाची नदी इतकी सावकाश सरकते की तिच्यावर पडलेला दगड समुद्रापर्यंत पोचायला पिढ्या जातात. त्या देशाला मी नाव ठेवलं नाही. नावं ठेवणारे पुढे भेटलेच.

खरा बर्फ मी पाहिला होता तो नांदेडच्या स्टेशनवर, भुशात पुरलेला, गोणपाटातून गळणारा.

मॅट्रिकला एक वर्ष उरलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तर लातूरचं स्थळ येणार म्हणून कळलं. वडील वकील. मॅट्रिकआधी लग्नाचा विषय काढणार नाही, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. आता म्हणाले, "पाहुणे वर्षभर थांबले तर थांबू. मुकाट बसू नकोस. शिकलेली आहेस हे त्यांना दिसू दे."

मुलाचे वडील करोडगिरीत, म्हणजे जकातीच्या खात्यात नोकरीला. पोहे खाता खाता त्यांनी विचारलं, "उर्दू येते का?"

"नाही."

"मग इंग्रजी शाळेत काय शिकिवलं? बोल की पोरी. वकीलसाब, पोरगी मुकी तर न्हाई ना?"

परक्या माणसांसमोर माझा आवाज निघत नाही. पण वर्ष त्या आवाजावरच अडलं होतं. मला सलग बोलता येईल अशी एकच गोष्ट होती, ती मी सांगितली. कडे, पठार, वारा, न मावळणारा सूर्य. ते मन लावून ऐकत होते. मला वाटलं, जमलं.

"लई भारी," ते म्हणाले. "पर हा मुलूख कुणाच्या अमलात हाय?"

"कुणाच्याच नाही."

त्यांचा चमचा थांबला. "सरकारच न्हाई?"

त्या दिवसांत सरकारला नाकारणारं असलं एक वाक्य पोलीस कचेरीपर्यंत चालत जायचं. वडिलांच्या कपाळावर घाम आला, आणि ते मोठ्याने हसले. "असं कसं साहेब! आपल्याच सरकारचा. पोर आहे, सांगायची राहिली."

"हां. मग तहसील कुठं?"

"पठारावर," वडीलच म्हणाले.

"आन आमचा नाका?"

"बंदरावर. माल उतरला की महसूल घ्यायचा."

"मला तेवढं तिकडं धाडू नका म्हंजे झालं. गारठून मरीन!"

"तिथे बंदर होत नाही," मी म्हणाले. "समुद्र गोठलेला असतो." हसण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

मग वडिलांनी वर्षाचं विचारलं. विचारलं, एवढं खरं.

"कशाला?" पाहुणे म्हणाले. "आणखी शिकली तर आणखी एक मुलूख काढंल, आन त्येलाबी सरकार नसंल."

यावर सगळ्यांत आधी वडील हसले.

शाळा सुरू व्हायच्या आत लग्न झालं. माझी ट्रंक हैदराबादच्या वसतिगृहातून परस्पर लातूरला आली. आता कुणी आलं की सासरे मला चहा घेऊन बोलावतात आणि म्हणतात, "आमच्या सूनबाई बर्फाच्या तालुक्याच्या." मग पठारावरची तहसील, बंदर, नाका, सगळं रंगवून सांगतात. दर वेळी एखादी इमारत वाढते. परवा तिथे पोलीस ठाणं झालं. वारा मात्र त्यांच्या सांगण्यात कधी येत नाही.

काल शिरूर अनंतपाळचे कुणी पाहुणे होते. त्यांनी विचारलं, "तिकडून माल काय येतो म्हणायचा?"

"काय येतंय?" सासरे म्हणाले. "ही एक आली. आन तीबी महसूल न भरता."

सगळे हसले. मी कपबशा गोळा केल्या.