चौदा पेढ्यांना एकच भाव

आमच्या शहरात देवास गेटजवळच्या एका तीन मजली इमारतीत धान्याच्या चौदा पेढ्या होत्या आणि तळमजल्यावर आमचं कॉम्प्युटर सेंटर. बाजार नुकता खुला होऊ लागला होता आणि सोयाबीनचा भाव मिनिटामिनिटाला हलायचा. मंडीतून फोन आला की मी भाव टाइप करायची आणि तो तारेवरून चौदाही पेढ्यांच्या पडद्यावर जायचा. त्यासाठी सगळ्या पेढ्या सेंटरला सारखेच पैसे भरायच्या. गणितात एम.एस्सी. केलेल्या मुलीला सेंटरच्या मालकांनी एवढंच काम दिलं होतं. प्रोग्राम इंदूरहून करून आणलेला, त्याला हात लावायचा नाही अशी ताकीद.

एकदा तिसऱ्या मजल्यावरचे म्हातारे व्यापारी खाली आले. चौदावी पेढी त्यांची. म्हणाले, "बाई, मेरे यहाँ भाव तब आता है, जब नीचे सौदा हो चुकता है."

मालक म्हणाले, "आपका कंप्यूटर पुराना है, बाबूजी."

ते वर निघून गेले. मला ते जिव्हारी लागलं. मालक जेवायला गेल्यावर मी प्रोग्राम उघडला.

दोष त्यांच्या मशीनमध्ये नव्हताच. प्रोग्राम एका पेढीला भाव द्यायचा, तिने तो घेईपर्यंत थांबायचा, मग पुढचीकडे वळायचा. बरं, तोच मजकूर प्रत्येकीसाठी नव्याने तयार करायचा. सातव्या पेढीचं मशीन फारच मंद. ते अडकलं की आठपासून चौदापर्यंत सगळ्या खोळंबत. पहिल्या सहांना मात्र भाव केव्हाच मिळालेला असे.

आठवडाभर दुपारी बसून मी तो भाग नव्याने लिहिला. मजकूर एकदाच तयार करायचा आणि सगळ्यांना त्याच एका प्रतीतून द्यायचा. कोणाला किती पोचलं याची खूण प्रत्येकासाठी वेगळी ठेवायची. एखादं मशीन घ्यायला तयार नसेल तर त्याच्यापाशी थांबायचं नाही, पुढे जायचं, मग परत येऊन बघायचं. तेवढ्यात नवा भाव आला तर रांगेत पडलेला शिळा भाव टाकून द्यायचा.

तो चालू केला त्या दिवशी मी टाइप केलं आणि जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेले. भाव माझ्याआधी पोचला होता. बाबूजी पडद्याकडे बघत नुसते "हूँ" म्हणाले.

चार दिवसांनी मालकांनी बोलावलं. पहिल्या पेढीचे सेठ तिथेच खुर्चीत बसले होते. इमारतीतले सगळ्यात मोठे व्यापारी.

"पुराना वाला वापस डालो," मालक म्हणाले.

"का? काही बिघडलंय का?" घाईत माझ्या तोंडून मराठीच आली. मालकांना ती कळायची.

"बिगड़ा कुछ नहीं. सेठजी पहले नंबर पर हैं, इनको पहले दिखना चाहिए. बाकी सब को थोड़ा रुक के."

"सब एक ही भाव के लिए जुड़े हैं," मी म्हटलं. "मैं नहीं डालूँगी."

सेठ मालकांकडे वळून म्हणाले, "टाइप करने वाली को इतना मत चढ़ाओ."

मी बाहेर पडले आणि जिना चढले. आठव्या पेढीपासून चौदाव्यापर्यंत प्रत्येक दारात उभी राहून सांगितलं, की तुमचा भाव इतके दिवस उशिरा का येत होता आणि उद्यापासून पुन्हा तसाच का येणार आहे. सातही दारं केली.

संध्याकाळी ते सातही जण बाबूजींना पुढे घालून खाली उतरले. भाव पुन्हा उशिरा येणार असेल तर आमच्या तारा काढून घ्या, म्हणाले. मालकांनी जुना प्रोग्राम परत बसवला नाही. मला मात्र महिनाअखेरपर्यंतच यायला सांगितलं.

घरी बाबा बँकेतून नुकतेच आले होते. सगळं ऐकून म्हणाले, "जाऊन माफी माग. लहान शहर आहे, नाव खराब होईल."

"कशाची माफी, बाबा?"

ते बँकेची बॅग खुंटीला अडकवायला वळले. आईने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि त्यांना म्हणाली, "तिला जेवू द्या आधी."

महिना संपल्यावर मी शहरातच नानाखेड्याला एका खोलीत प्रोग्रामिंग शिकवायला लागले. पहिल्या तुकडीत सहा मुली होत्या. पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं, की प्रोग्राम उघडून बघायला कोणाची परवानगी लागत नाही. खरं तर लागते. पण मी ते मुद्दामच सांगितलं नाही.