फॅमिली रूमची फळी

नोकरी लागून मी कुर्डुवाडीहून सोलापूरला आले, तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवसभर कानाशी लोकांचे आवाज आणि संध्याकाळी बोलायला कुणी नाही. खोली एका विणकर कुटुंबाच्या माडीवर. खाली सुताचे गठ्ठे, म्हणून वर स्टोव्ह पेटवायला मनाई. घरची माणसं आपसात तेलुगू बोलायची. मी दिसले की हसायची, तेवढंच. जेवायला मग स्टेशनजवळचं हॉटेल.

पहिल्या दिवशी मी दारातल्याच टेबलाशी बसले, तर सांगोल्याकडचा वेटर लगबगीनं आला.

"बाई, तुमी आत बसा की. हितं समदी गडीमाणसं हायती."

आत म्हणजे फॅमिली रूम. सागवानी फळ्या मारून पाडलेले दोन कप्पे, फळ्यांच्या वर लाल-निळ्या काचा, पुढं हिरवा पडदा. संगमरवरी टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या. समोरची खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून मी तिच्यावर पर्स ठेवायची.

शेजारच्या कप्प्यातही एक बाई जेवायला यायच्या. त्यांचा पडदा नेहमी ओढलेला, त्यामुळं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण त्या आल्या की दवाखान्याचा वास यायचा. "शेंगाचटणी जरा जास्त आण रे," असं म्हणायच्या आणि मधूनच बारीक आवाजात गुणगुणायच्या. माझं जेवण झालं तरी त्यांची खुर्ची सरकेपर्यंत मी उठत नसे. फळीवर टकटक करावी असं कितीदा तरी वाटलं. पण टकटक करून म्हणायचं काय?

एका उन्हाळ्यात मालकांनी हॉटेल नवं करायचं काढलं.

"जुनं आता कुणाला नको, बाई. सनमायका टाकतोय, ट्यूबलाइट लावतोय. पडदेबिडदे बंद."

"मग आम्ही कुठं बसायचं?"

"सगळ्यांबरोबर! जमाना बदलला की."

काम चालू होतं तोवर मी खोलीवर पाव आणि केळी खाऊन राहिले. हॉटेल उघडल्यावर गेले, तर फळ्या नाहीत, काचा नाहीत, नुसता लख्ख पांढरा उजेड. भिंतीशी एक पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या. मी बसायला जागा शोधत होते, तेवढ्यात त्या वेटरला म्हणाल्या, "शेंगाचटणी जरा जास्त."

माझे पाय आपसूक तिकडं वळले.

"तुम्ही फळीपलीकडच्या ना?" मी विचारलं.

त्यांनी मला न्याहाळलं. "अगं बाई, एकटीच होतीस? मला वाटायचं, नवरा-बायको असतील, रुसून गप्प बसलेले."

त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. नवरा कधीच सोडून गेला होता, मूलबाळ नव्हतं. भाजी अळणी आहे असं सांगावं तितक्या सहज त्यांनी ते सांगितलं. मग म्हणाल्या, "मी गुणगुणायला लागले की तुझ्या ताटाचा आवाज थांबायचा. म्हणून तर गुणगुणायची."

त्यानंतर आम्ही एकाच टेबलाशी जेवू लागलो. पण समोरासमोर बसल्यावर त्या कधी गुणगुणल्या नाहीत, आणि "गुणगुणा की" असं सांगायचं धैर्य मलाही झालं नाही. थंडीत त्यांची मोहोळला बदली झाली. "मोहोळ काय लांब हाय का? येत जाईन की," म्हणाल्या. एकदा आल्याही. पुढं येणं राहिलं.

आता तसल्या फळ्या, तसल्या रंगीत काचा लोक हुडकून आणतात आणि नव्या हॉटेलांत मुद्दाम बसवतात. भाची मला हौसेनं एकात घेऊन गेली होती. "किती छान ना, मावशी?" छान होतंच. पडद्याआड चौघंचौघं दाटीनं बसून खिदळत होती.

तेव्हा त्या बाई मोहोळला गेल्यानंतर मी बरेच दिवस भिंतीकडं तोंड करून जेवायची. एका संध्याकाळी खुर्ची फिरवली आणि हॉलकडं तोंड करून बसले. कुणीतरी बघेल म्हणून पदर सारखा केला. कुणी बघितलं नाही. वेटरनं ताट आणून ठेवलं. मी जेवायला लागले.