सासूबाईंचा गुळवेलीचा काढा

नवऱ्याला सासूबाईंची किडनी बसवून आम्ही भिलाईला परतलो. गोळ्यांच्या वेळा मी फ्रिजवर चिकटवल्या. दुसऱ्या सकाळी बघते तर सासूबाई गुळवेल उकळत होत्या. पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा त्या नवी नवरी म्हणून इथे आल्या. कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांत कोणालाही ताप आला की त्या हाच काढा पाजत.

"आई, हा त्यायले देऊ नका. यानं अंगाची ताकद वाढते."

"मंग वाढाले नको? वाळून गेलं पोरगं."

"रोगाशी लढते तेच ताकद तुमची किडनी परकी समजून तिच्यावर तुटून पडते. ते दाबाले तं या गोळ्या आहेत."

ताकद मुद्दाम कमी ठेवायची, हे मलाही पचायला वेळ लागला होता.

सासूबाईंनी गॅस बंद केला. "नऊ महिने पोटात वागवलं याले. अन् माही किडनी परकी?"

"अर्धे ते बाबांचे बी आहेत ना, आई."

"तरीच! ते बी जनमभर माह्याशी असेच भांडले."

काढा त्यांनी मोरीत ओतला. मग गोळ्या आणि पाणी घेऊन स्वतःच मुलाजवळ गेल्या.

"घे. तुह्या बापाचा आडमुठेपणा दबला पाहिजे."