विठाबाईसाठी केलेलं मशीन

रामलिंगला एखादी गोष्ट एकदा पटली, की मग साक्षात ब्रह्मदेव खाली उतरला तरी फरक पडत नसे. माणूस वाईट नव्हता हो! हातात कसब होतं, पोटात माया होती, दारात आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नव्हता. पण हट्ट! तेरणेकाठच्या त्याच्या गावात लोक म्हणायचे, सुंभ जळेल, पण रामलिंगचा पीळ जायचा नाही. हा पीळ शेवटी त्याच्या बायकोला भोवला. हे त्याला आता कोणी सांगावं लागत नाही. तोच सांगतो, न विचारता, समोरच्याला घाई असली तरी.

भूकंपात गाव बसलं आणि पुढं दोन-चार वर्षांत नवरा-बायको लातूरला आले. लातुरात तेव्हा शिकवण्यांचं पीक जोमात आलं होतं. लोहा, नायगाव, पार हिमायतनगरकडची पोरं डॉक्टर व्हायला इथं येऊन पडायची. आणि डॉक्टर व्हायचं असलं तरी दोन टाइम जेवावं तर लागतंच. विठाबाईनं खानावळ काढली. कालवणं सगळ्यांकडंच बरी असतात. विठाबाईचं नाव होतं ते भाकरीसाठी. परातीत गरगर फिरवत थापलेली, पातळ, तव्यावरून निखाऱ्यावर टाकली की टम्म फुगणारी. घरच्या आठवणीनं रडवेली झालेली पोरं ती भाकरी खाऊन गप झोपायची. "मावशी, आणखी एक," म्हणत पोरं ताट पुढं करायची, तेव्हा तिचा चेहरा बघावा. रामलिंगनं त्याच गल्लीच्या तोंडाला वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं. शिवाय खेडोपाडी जाऊन पंप नि इंजिनं दुरुस्त करायचा.

एवढ्या पोरांच्या भाकऱ्या चुलीवरच व्हायच्या, आणि चुलीला लाकूड लागायचं. ट्रकमधून बाभळीचे बुंधे यायचे, एकेकाला अशा गाठी की कुऱ्हाड रुतली तर निघायचं नाव नको. रामलिंग पहाटे थोडे फोडून जायचा. पण कुणाचा पंप बसला की बोलावणं यायचं, आणि मग कुऱ्हाड विठाबाईच्या हातात. तिचा डावा खांदा भूकंपात चेचलेला. हात कानाच्या वर जात नव्हता. एके दुपारी रामलिंग अवचित घरी आला तर ही बाई मागच्या अंगणात गुडघ्यांवर बसलेली. कुऱ्हाड बुंध्यात अडकलेली, आणि ती एका हातानं कुऱ्हाडीसकट बुंधा जमिनीवर आपटत होती.

"सोड ती कुऱ्हाड," तो म्हणाला. "तुला मशीन करून देतो. बस्स!"

आणि केलं! भंगार बाजारातून माती उकरायच्या यंत्राचा जुना पिस्टन आणला, त्याची गळती काढली. एक जाडजूड गर्डर घेतला. त्याच्या एका टोकाला रुळाच्या तुकड्याची पाचर घासूनपुसून उभी वेल्ड केली, दुसऱ्या टोकाला पिस्टन. तेलाची टाकी, पंप, रबरी नळ्या आणि एक दांडा. लाकूड गर्डरवर आडवं ठेवायचं, दांडा ओढायचा, की पिस्टन त्या लाकडाला पाचरीवर रेटत न्यायचा. गल्लीतली माणसं बघायला यायची. रामलिंगची छाती फुगायची, आणि का फुगू नये?

राहिलं एकच. पंप फिरवायचा कशावर? ट्रॅक्टरला जोडावं असं एकदा त्याच्या मनात येऊन गेलं, पण लाकूड फोडायला रोज दारात कोण ट्रॅक्टर आणून उभा करणार? मग उरल्या दोनच गोष्टी. विजेची मोटार, नाहीतर डिझेलचं इंजिन.

"मोटार बसवा की," विठाबाई म्हणाली. "बटन दाबलं की झालं."

"आन् लाईट गेल्यावर? दिसातून किती येळ लाईट ऱ्हाती इथं? बटन दाबून काय आरती म्हनशील?"

"आल्यावर फोडीन! लाकूड काय दूध हाय का नासायला? लाईट असली की फोडायचं, ढीग लावून ठिवायचा."

चंद्रप्पा वायरमन तिथंच चहा पीत बसला होता. रामलिंगचा जुना दोस्त, गावाकडचाच. त्यानं मान डोलावली. "वैनीचं बरोबर हाय, अप्पा. घरच्या लाईनीवर चालंल अशी बारकी मोटार बसवून देतो. पिस्टन जरा हळू सरकंल, पन जोर तितकाच लागंल. आपल्याला काय शर्यत लावायचीय का?"

"करंटवर माझा भरवसा न्हाई," रामलिंग म्हणाला आणि विषय संपला.

का नाही भरवसा? त्याचीही एक गोष्ट आहे, आणि ती ऐकल्याशिवाय त्याला शिव्या घालू नयेत. भूकंपाच्या त्या पहाटे तो बाहेर ओट्यावर झोपला होता म्हणून वाचला. दगडमातीचं घर विठाबाईवर बसलं. लाईट गेलेली, धुरळा असा की आपलाच हात दिसेना. तिचं कण्हणं ऐकू येत होतं. कुठून येतंय ते कळत नव्हतं. तो वेड्यासारखा देवघराच्या अंगाला दगड उपसत बसला. उजाडलं तेव्हा दिसलं, ती दाराशी होती. हाताच्या अंतरावर. तोवर तिच्या खांद्यावर लाकडाची तुळई बसून होती. लाईट असती तर खांदा वाचला असता, हे त्यानं त्या दिवशी मनाशी धरलं, आणि विजेवर असा राग ठेवला जसा माणूस भावकीवर ठेवतो. उलट शेतातल्या विहिरीवरचं त्याचं इंजिन! त्याला ओरखडासुद्धा नव्हता. पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या सगळ्या गावाला त्या इंजिनानं पाणी पाजलं. लातूरला येताना रामलिंगनं भांडी कमी आणली, पण ते इंजिन टेंपोत घालून आणलं.

तेच त्यानं पट्ट्यावर पंपाला जोडलं. पहिल्या दिवशी बाभळीची गाठ कडाडून दुभंगली, तेव्हा खानावळीतली पोरं ओरडली. विठाबाई तोंडाला पदर लावून हसली. खरं सांगायचं तर सुखावलीच ती.

पण इंजिन सुरू करायचं म्हणजे हँडल मारायचं. ते जोरात, एका दमात फिरवावं लागतं. अर्धवट फिरलं की इंजिन उलटी लाथ मारतं. रामलिंगला ते डाव्या हातचा मळ. विठाबाईनं एकदा करून पाहिलं, अर्ध्यात थांबली, म्हणाली, "मला न्हाई जमायचं वो हे."

"तुला कोन लाव म्हनलंय? सकाळी मी सुरू करून देत जाईन, तू निस्ता दांडा वढ."

आता बघा! जिच्यासाठी मशीन केलं, तिला ते सुरू करता येत नाही, आणि या शहाण्याला त्यात काही वावगं दिसत नाही. चंद्रप्पानं पुन्हा एकदा मोटारीचं काढलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मे महिना होता, परीक्षेचे दिवस. रामलिंगला औशाकडचं बोलावणं आलं. त्यानं इंजिन सुरू करून दिलं आणि तो गेला. विठाबाई लाकूड फोडायला लागली. इंजिनाचा ठक् ठक् आवाज सगळ्या गल्लीत घुमत होता. थोड्या वेळानं शेजारच्या होस्टेलच्या खिडकीतून एक पोरगं हात जोडून म्हणालं, "मावशी, जरा बंद करता का? उद्या पेपर हाय, डोक्यात काहीच शिरून नाही राहिलं." विठाबाईचा जीव कळवळला. तिनं लगेच इंजिन बंद केलं. आपल्या हातानं बंद केलेलं आपल्याला सुरू करता येत नाही, हे तिला तेव्हा आठवलं नाही असं नाही. पण पोराचा पेपर.

संध्याकाळी स्वैपाकाची वेळ झाली आणि फोडलेलं लाकूड संपलेलं. उरले ते गाठीचे बुंधे. कुऱ्हाड आता तिला उचलवत नव्हती. पोरं यायची वेळ झालेली, रामलिंगचा पत्ता नाही. वर घरभर लाईट झगझगत होती, बरं का. दिवसभर गेलीच नव्हती. विठाबाईनं उजव्या हातानं हँडल धरलं, डाव्यानं जमेल तेवढा टेकू दिला आणि फिरवलं. ते अर्ध्यात अडलं, आणि इंजिनानं लाथ मारली.

मनगट दोन ठिकाणी मोडलं. ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं, मालिश झाली. मनगट काही वळेना. कप धरता यायचा, वेणी कशीबशी घालता यायची. पण भाकरी? परातीत पीठ घेऊन ती बसली, थापायला गेली, आणि गोळा जागचा हलला नाही. पुन्हा केलं, कड चिरली. तिसऱ्यांदा तिनं गोळा मोडून पिठात मिसळला, परात बाजूला सारली आणि हात धुतले. रामलिंग दारातून बघत होता. त्याला वाटलं, हिनं आता शिव्या द्याव्यात, परात डोक्यात घालावी. तिनं विचारलं, "तुमी चहा घेनार का?"

खानावळीत भाकरीला बाई ठेवली. बाई चांगली होती, भाकऱ्याही वाईट नव्हत्या. पण "मावशी, आणखी एक" म्हणायचं पोरांनी हळूहळू सोडलं. पुढच्या वर्षीची नवी पोरं तर म्हणतच नव्हती, त्यांना ठाऊकच नव्हतं. विठाबाई चुलीपासून लांब, पोत्यावर बसून वाढपाकडं लक्ष ठेवायची.

रामलिंगनं इंजिन पंपापासून सोडवलं. चंद्रप्पाला बोलावलं, मोटार बसवून घेतली. चंद्रप्पा खाली मान घालून वायरी जोडत राहिला. बैल गेला आणि झोपा केला, हे रामलिंगला कळत नव्हतं का? कळत होतं. पण हात रिकामे ठेवले तर तो वेडा झाला असता. काम झाल्यावर तो विठाबाईला बोलवायला आत गेला. ती नको म्हणत होती. तरी आली.

"दाब," तो म्हणाला.

तिनं डाव्या हाताच्या अंगठ्यानं बटण दाबलं. मोटार घूं करून फिरली, आवाजही फारसा नाही. त्यानं लाकूड ठेवलं, तिनं दांडा ओढला. पिस्टन सावकाश पुढं सरकला आणि बाभूळ मधोमध उकलली. विठाबाई बघत राहिली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, टोमणाही नव्हता. खरंच नवल वाटल्यासारखी ती म्हणाली,

"किती सोपं हुतं वो हे."

रामलिंगनं फुटलेली दोन्ही शकलं उचलली आणि ती आत चुलीशी नेऊन ठेवली, त्या दुसऱ्या बाईजवळ.