तीनची मोटर आणि माझं तोंड

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. वामनराव, ती पिशवी खाली ठेवा पाहू. तुमच्या वरोऱ्याच्या गाडीला अजून अवकाश आहे. एवढा चहा घ्या आणि माझ्या तोंडाने मला एकदा कसं तोंडघशी पाडलं, ते ऐकून जा.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणायचे. मी भांदकचा पोरगा, चांद्यात एका सेठच्या कापडदुकानात नवाच लागलेलो. महिनाभर बघू, मग ठेवायचं की नाही ते ठरवू, अशी बोली. महिना भरायला चार दिवस उरले होते आणि सेठ माझ्याकडे बघून नुसते हुंकार देत होते. नोकरी गेली असती तर परत काकांच्या बैलांमागे फिरणं आलं. बैलांची काही हरकत नव्हती, काकांची होती.

मी आपला भीतीने गप असायचो. शेवटी सेठच म्हणाले, "तुह्यात एकच खोट हाय. गिऱ्हाइकासमोर तुहं तोंडच उघडत नाई. गिऱ्हाईक गप, तू बी गप, मंग ते जाते बाजूच्या दुकानात. बोलत राह्य. मधात फट पडू देऊ नको."

आता मला बोलायला सांगणं म्हणजे काय, हे तुम्ही जाणता. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेठ स्टेशनावर कापडाचे गठ्ठे सोडवायला गेले आणि तिघं जण दुकानात आले. गडचिरोलीच्या पलीकडच्या जंगलातला एक म्हातारा गोंड शेतकरी, त्याची बायको आणि लग्नाची मुलगी. वहाणा बाहेर काढून गादीच्या कडेला नीट बसले. मुलीने दारात टांगलेल्या लुगड्याकडे बघून वडिलांना खूण केली. म्हातारा म्हणाला, "भाऊ, ते..."

"लुगडं ना? बसा, बाबा, बसा. लुगड्याच्याच दुकानात आले तुमी." इथून जो मी सुटलो, तो सुटलोच.

पोत सांगितला, रंग सांगितला. हे नागपूरच्या गिरणीचं, ते हातमागाचं. एक उलगडलं, दुसरं उलगडलं. माझ्या आत्याचं लुगडं तीन लग्नांत कसं टिकलं ते सांगितलं. आत्या निघाली म्हटल्यावर तिच्या सुनाही आल्याच. तिघंही इतकं मन लावून ऐकत होते, की मला वाटलं, काय आपली वाणी. आजवर कुणी असं ऐकलं होतं का माझं? आमच्या घरी तर मी बोलायला लागलो की लोक पाणी भरायला उठायचे.

एवढ्यात बाहेर मोटरीचा भोंगा वाजला. म्हातारा जरा उठल्यासारखा झाला, मुलगी त्याच्या तोंडाकडे बघायला लागली. मला वाटलं, फट पडली, गिऱ्हाईक चाललं, नोकरी गेली. मी आवाज चढवला आणि लुगडी सोडून थेट भांदकच्या लेण्यांत शिरलो. लेणी कुणी खोदली, आत किती थंड असतं, लहानपणी मी तिथे कसा हरवलो. म्हातारा पुन्हा खाली बसला. जिंकलो, म्हटलं.

चारच्या सुमारास सेठ परतले. गादीवर चाळीसेक लुगड्यांचा डोंगर, त्याच्या मागे मी, आणि पुढे ही तीन माणसं, आली तेव्हा बसली होती तशीच.

"किती घेतली?" सेठनी विचारलं.

 दोन तासांत मी पहिल्यांदाच गप झालो.

म्हाताऱ्याने थोडी वाट बघितली. मग अदबीने म्हणाला, "झालं का भाऊ, तुमचं बोलनं?"

"झालं."

"मंग ते दारातलं लाल काठाचं द्या. पोरीले आल्या आल्याच पसंत पडलं होतं."

सेठ माझ्याकडे बघायला लागले, मग त्याच्याकडे. "अगा, मंग सांगतलं काऊन नाई?"

"समोरचा मानूस बोलून राह्यला त मधात तोंड घालू नाई. आमी लेकराले बी हेच शिकवतो. अन् उठून गेलो असतो त याले वाईट वाटलं असतं."

"तुमची मोटर?"

"ते तीनची होती. गेली. भाऊ लेण्यात होते तवा."

मला इतकी लाज वाटली की एखादं लुगडं डोक्यावर ओढून घ्यावं. पुढची मोटर दुसऱ्या दिवशी सकाळी. सेठ मला म्हणाले, "यायले तुह्या खोलीवर ने. अन् उद्यापासून तू भांदकले जाय."

तर तो म्हाताराच मधे पडला. "ठेवा सेठ याले. मनानं चांगला हाय. फक्त मधामधात दम घेवाले शिकवा." सेठ हसले आणि माझी नोकरी राहिली. अट एकच, गिऱ्हाईक आलं की माझ्या तोंडात सुपारी.

सकाळी त्यांना मोटरीवर पोचवायला गेलो तो सुपारी धरूनच. अर्धा तास एक शब्द बोललो नाही. मुलीचं नाव, जावयाचं गाव, यंदाचं धान, न विचारता सगळं कळलं. आणि मोटर यायच्या जरा आधी बाई हळूच म्हणाल्या, "मले बी एक पाह्यजे होतं भाऊ. निळं." दुकानापर्यंत धावत गेलो मी, आणि लुगडं घेऊन धावत आलो.

तेव्हापासून कानाला खडा. समोरच्याला बोलू दिल्याशिवाय मी आपलं तोंड...

काय हो वामनराव, पिशवी घेऊन केव्हाचे उभे आहात? काय? गाडी गेली?

कधी, मी लेण्यांत होतो तेव्हा?